ब्रदरच्या घरची शेगडी

आमच्या मजल्यावर समोरासमोर दोनच दारं. एक आमचं, दुसरं राजरत्न ब्रदरचं. खरवई गावातली ही बिल्डिंग उभी राहिली ती आमच्याच काकडीच्या वाडीवर, त्यामुळे लिफ्टमध्ये उभा राहिलो की मी भागीरथीला सांगतो, "आता आपण विहिरीच्या बरोबर वर आलो बघ." ती म्हणते, "मग घ्या उडी." भागीरथी म्हणजे आमचं कुटुंब. या गोष्टीतली मोठी चूक तिची आहे, आणि ती लिहायला तिनेच मला सांगितलं आहे. नाही तर माझी काय टाप!

राजरत्न मूळचा अंबरनाथचा. तिथल्या चाळीत वाढला, नर्सिंग शिकला आणि उल्हासनगरातल्या एका हॉस्पिटलात आयसीयूमध्ये कामाला लागला. बाई असती तर सिस्टर म्हटलं असतं, पुरुष म्हणून ब्रदर. माझा एक शाळूसोबती त्याला अजून कंपाउंडरच म्हणतो आणि जिन्यात अडवून गुडघे दाखवतो. ब्रदर खाली बसून गुडघा दाबून बघतो, आणि म्हणतो, "काका, हाडाच्या डॉक्टरांकडे जा." सोबती मला म्हणतो, "हुशार आहे पोरगा, पण सुई देत नाही."

उंच, थोडा पोक काढून चालणारा, चाळिशीला टेकलेला. लग्न झालेलं नाही. आई होती, ती गेली, तेव्हा चाळीतली खोली सोडून तो इथे आला. सामान आलं ते एका टेम्पोत, आणि तोही अर्धा रिकामा होता.

समोरच्या घरात माणूस आहे हे आपल्याला कशावरून कळतं? कोणी टीव्ही लावतं, कोणी मुलांवर ओरडतं, कोणी फोनवर भांडतं. ब्रदरच्या घरातून एकच आवाज यायचा. ड्युटीवरून आला की थोड्या वेळाने गॅसचा लायटर. टिक, टिक, टिक. मग कुकरची शिट्टी. झालं. भागीरथीचे कान म्हणजे काय सांगू, खरवईत कोणाच्या घरी कोणती डाळ शिजतेय ते ती शिट्टीवरून सांगेल. तीच एकदा म्हणाली, "अहो, ब्रदर घरात आहे, पण आज त्याने शेगडी पेटवलेली नाही."

"बाहेर खाऊन आला असेल."

"चेहरा बघितलात का त्याचा? तो खाऊन आलेल्या माणसाचा चेहरा होता?"

पुढे हे पुन्हा झालं. मग पुन्हा. आठवड्यात एखादा दिवस, कधी दोन दिवस लागोपाठ, शेगडी बंद. त्या दिवशी तो दार लावण्याआधी पायपुसण्यावर बराच वेळ उभा राहायचा, जणू आतून कोणी "ये" म्हणेल. आत कोण होतं म्हणायला?

शेवटी भागीरथीने त्याला दारातच धरलं. "काय रे, उपास करतोस का? कोणत्या देवाचा?"

तो हसला. "काकू, देवाचा नाही. आज एक पेशंट गेला."

मग त्याने जे सांगितलं ते असं. तो नवा नवा नोकरीला लागला तेव्हा पहिल्यांदा त्याच्या हाताखालचा पेशंट गेला. घरी आला, आईला सांगितलं. आईने स्टोव्हवर चढवलेलं भांडं खाली उतरवलं आणि स्टोव्ह विझवला. म्हणाली, "आज आपल्याकडे चूल नाही." शेजारणीला हाक मारली, आणि शेजारणीने भाकरी नि कालवण आणून दिलं. तेव्हापासून तोच नियम पडला. राजरत्नच्या वॉर्डात माणूस गेला की त्या घरी चूल बंद, आणि चाळीतल्या कुठल्या तरी दारातून भाकरी यायची.

"आमच्यात सुतकबितक मानत नाहीत," तो म्हणाला. "पण आई म्हणायची, ज्या हातांनी आज माणूस जाताना बघितला त्या हातांना घरी आल्यावर काम सांगू नये. आता आई नाही, चाळ नाही. नियम तेवढा राहिला."

म्हणजे बघा, चूल बंद ठेवणारा होता, भाकरी आणणारं कोणी नव्हतं. माणूस सरळ उपाशी झोपत होता. हॉस्पिटलात लोक रोज मरत नाहीत म्हणून हा जिवंत होता!

आमच्या गावात मरणाच्या घरी भाकरी न्यायची पद्धत आहेच. आमचे वडील गेले तेव्हा गावातून इतक्या भाकऱ्या आल्या की टोपलीवर टोपली चढली. आमचा चुलता रडता रडता मला म्हणाला, "अरे, हे सगळं संपवायला तुझा बापच पाहिजे होता." आणि त्या रडारडीत आम्ही दोघं जे हसलो! आत्या कितीतरी दिवस आमच्याशी बोलली नाही. पण त्या भाकऱ्यांनी आम्हाला सावरलं. भाकरी म्हणजे काय, दारात कोणी तरी उभं आहे एवढंच ना!

तर भागीरथीने त्या दिवसापासून ते काम हातात घेतलं. शेगडी वाजली नाही की तांदळाची भाकरी आणि जे असेल ते घेऊन समोर जायचं. बेल वाजवायची नाही, दार ढकलायचं. तो जेवेपर्यंत बसायचं. मी बरोबर गेलो की गोष्टी सांगायचो. ब्रदर कधी पेशंटचं नाव सांगायचा, कधी गावाचं, कधी काहीच नाही. एकदा म्हणाला, "आज गेला त्याला भेटायला कोणीच आलं नव्हतं, काका. त्याचा मोबाइल वाजत होता, कंपनीचा होता, रिचार्ज संपला म्हणून."

मध्ये त्यांच्या हॉस्पिटलात एक शिबिर झालं. विद्यापीठात शिकवणाऱ्या राजसी मॅडम आल्या होत्या. विषय असा की दवाखान्यातल्या लोकांनी खचायचं कसं नाही, एकमेकांना सांभाळायचं कसं, आणि अंगावर धावून येणाऱ्यापासून वाचायचं कसं. मॅडम म्हणाल्या, मन भरून आलं की कोणाशी तरी बोला. ब्रदरने हात वर केला. "कोणाशी?"

सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "खरं सांगू? विद्यापीठात आमचंही तेच आहे. मी केबिनचं दार लावून एकटी डबा खाते." मग म्हणाल्या, "तुमच्याकडे अशा वेळी आधी काय करायचे?"

ब्रदरने चुलीची गोष्ट सांगितली. मॅडम म्हणाल्या, "मग हेच करा ना. माणूस गेला की त्या शिफ्टने एकत्र बसायचं. चार घास खायचे. तेवढ्यात कोणी काही बोललं तर बोललं, नाही तर नाही."

वॉर्डात ते सुरू झालं. भागीरथी रोज ब्रदरजवळ एक मोठा स्टीलचा डबा देऊ लागली. साधी भाकरी, सुकी चटणी. तळलेलं नाही, गोड नाही. वॉर्डातले सगळे नीट राहिले तर तो डबा पोर्टर खायचे. कोणी गेलं तर ड्युटी रूममध्ये डबा उघडायचा, आणि डॉक्टर असो की झाडूवाली मावशी, प्रत्येकाने त्यातला तुकडा मोडायचा. त्यांच्यातली किर्ती सिस्टर, उल्हासनगरच्या कॅम्प चारची पोरगी, तोंडाने फटाकडी, ती ब्रदरला म्हणायची, "सर, काकूंची भाकरी खायला मिळावी म्हणून कोणी मरायला नको हां, एक्स्ट्रा आणत जा." पण तीच मला नंतर म्हणाली की, काका, आधी मी बाथरूममध्ये जाऊन रडायचे.

आता होळीचा दिवस. भागीरथीने सकाळपासून पुरण वाटलेलं. ब्रदर निघाला तसा तिने डबा भरला आणि झाकण घट्ट लावलं. मी विचारलं, "भाकरी दिलीस ना?"

"सणाच्या दिवशी पोरांना कोरडी भाकरी देऊ? पोळ्या दिल्यात. तूपही दिलंय."

"अगं, पण कोणी गेलं तर?"

"काही तरीच अभद्र. सणाला कोण मरतंय?"

सोनिवलीचे रघु नावाचे एक म्हातारे त्या दुपारी गेले. ब्रदरच्याच बेडवर. आत नातेवाइकांना येऊ देत नाहीत, पण शेवट दिसू लागला तेव्हा ब्रदरने डॉक्टरांना विचारून त्यांच्या बायकोला, गोजरबाईंना, आत आणलं. म्हाताऱ्याचा हात त्यांच्या हातात दिला. दुसरा हात स्वतः धरला. मशीनचा आवाज बंद झाल्यावरही बाईंनी सोडेपर्यंत सोडला नाही.

मग सगळे ड्युटी रूममध्ये आले, डबा उघडला, तर आत पुरणपोळ्या. तुपाचा वास खोलीभर.

ब्रदर म्हणाला, "लाव झाकण."

किर्ती सकाळपासून उपाशी होती. म्हणाली, "सर, काकूंनी प्रेमाने दिलंय. अन्न आहे ना, बस."

आणि ज्या क्षणी सगळ्यांच्या हातात पोळीचा तुकडा होता त्या क्षणी दारात म्हाताऱ्याचा मुलगा जितेश उभा राहिला. बापाची पिशवी मागायला आला होता. त्याने पोळ्या बघितल्या.

"काय चाललंय? माझा बाप मेला आणि तुम्ही इथं होळी करताय? पुरणपोळी?"

"दादा, ऐका—"

"काय ऐकू? ए शाण्या, नाव काय तुझं? आडनाव काय?"

ब्रदरने किर्तीला मागे ढकललं आणि पुढे झाला. जितेशने टेबलावरचा डबा उचलला आणि त्याच्या कपाळावर घातला. आमच्या घरचा डबा! भागीरथीच्या माहेरचा, तिचं नाव कोरलेला.

कपाळाला टाके पडले. हॉस्पिटलने पोलिसांत तक्रार केली, आयसीयूच्या बाहेर एक रखवालदार बसवला, ड्युटी रूममध्ये घंटेचं बटण लावलं. चांगलंच केलं, आधी करायला हवं होतं. पण त्याबरोबर एक कागदही लागला की वॉर्डात एकत्र बसून खाण्यास मनाई.

ब्रदर रजेवर घरी बसला. मी गेलो तर म्हणाला, "काका, आता नाही जमायचं. अंबरनाथला ओळखीचा माणूस आहे, त्याच्या मेडिकलच्या दुकानात बसतो. पाडव्यापासून ये म्हणालाय."

"आणि आयसीयू?"

"दुकानातल्या गोळ्या मरत नाहीत. मारतही नाहीत."

"टाके दुखतात का?"

"टाक्यांचं काही नाही हो. तो म्हणाला, होळी करताय. इतकी वर्षं मी..." भिंतीवर आईचा फोटो होता, त्याच्याकडे बघत बसला. शेगडी तर त्या दिवसापासून पेटलीच नव्हती. भागीरथी भाकरी घेऊन जायची, तो अर्धी खायचा, ताट धुऊन परत द्यायचा. मी गोष्टी सांगायचो, तो "हं" म्हणायचा. रोज कोणी ना कोणी गेल्यासारखं ते घर. आणि इकडे आमच्या घरात भागीरथी तो चेपलेला डबा पदराने पुसत बसायची.

एक दिवस ती म्हणाली, "उठा. सोनिवलीला जायचंय."

"कशाला?"

"मरणाच्या घरी समाचाराला जातात ना? आणि पोळ्या माझ्या होत्या हे त्या बाईला सांगायला नको?"

सोनिवली काही लांब नाही. पूर्वी आम्ही तिथे बैल बघायला जायचो. आता टॉवरच टॉवर, आणि टॉवरच्या मागच्या बाजूला जुनी घरं. गोजरबाई ओटीवर बसल्या होत्या. जितेश आम्हाला बघून आत गेला. भागीरथीने पिशवीतून डबा काढून त्यांच्यासमोर ठेवला आणि सगळं सांगितलं. ब्रदरची चूल, आई, भाकरी, होळी, आणि "सणाला कोण मरतंय" हे सुद्धा.

गोजरबाई डब्याच्या पोचावरून बोट फिरवत ऐकत होत्या. त्यांचा दीर बाजूला बसला होता. तो म्हणाला, "पण पोऱ्या हाय कुणाच्यातला?"

बाई फाडकन म्हणाल्या, "मरनाऱ्याचा हात धरतात ना, त्यांच्यातला. तू व्हतास का तिथं? चहा प्यायला गेल्ता खाली!"

मग भागीरथीला विचारलं, "त्याच्या घरी चूल पेटली का मंग?"

"नाही पेटली," भागीरथी म्हणाली.

"आमच्या म्हाताऱ्यासाठी?"

"तुमच्या म्हाताऱ्यासाठी. आणि आधी गेलेल्यांसाठी पण, मला वाटतं."

"आनि त्याला गोड कोन करतं?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. आपल्याकडे तेराव्याला सोयरे येऊन दुःखातल्या माणसाला गोडाचा घास देतात. मग त्याने सण करायचा, हसायचं, पुन्हा कामाला लागायचं. दुःख धरायला माणूस लागत नाही, ते आपोआप धरतं. सोडवायला मात्र दुसरा लागतो. ब्रदरला आम्ही भाकऱ्या पोचवल्या, पण हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. कोणाच्याच आलं नव्हतं.

"डबा ऱ्हाऊ दे इथंच," गोजरबाई म्हणाल्या.

तेराव्याच्या दुपारी आमच्या बिल्डिंगखाली रिक्षा थांबली. गोजरबाई पांढऱ्या लुगड्यात, हातात आमचा डबा. मी त्यांना वर आणलं. त्यांनी लिफ्टमध्ये डोळे मिटून घेतले होते, त्यामुळे विहिरीची गोष्ट सांगायची राहिली.

ब्रदरने दार उघडलं आणि त्यांना बघून मागे सरकला. त्याला वाटलं, अजून काही राहिलंय.

"बस," त्या म्हणाल्या. त्याच्याच घरात त्याला. तो बसला. कपाळावरच्या पट्टीला त्यांनी हात लावला नाही, नुसतं बघितलं. मग डबा उघडला. आत बुंदी होती, आचाऱ्याकडची, जराशी जास्तच पिवळी. त्यांनी चिमूटभर घेतली.

"तोंड उघड. आमच्या घरचं तेरावं झालं. पोरानं गोड खाल्लं, सुनंनं खाल्लं, तू ऱ्हायला व्हतास."

त्याने घास घेतला. चावला. बराच वेळ चावला. बुंदीला एवढं चावावं लागत नाही.

"सुटलास," गोजरबाई म्हणाल्या. "आमच्या म्हाताऱ्याचं तुझ्यावर आता काय नाय."

ब्रदर खाली बघून हळूच म्हणाला, "आणि बाकीच्यांचं, आई?"

कितीतरी माणसं, त्यांची गावं वेगळी, घरं वेगळी, आणि त्यांच्यातलं कोणी आता या जिन्यावर येणार नव्हतं. बाईंनी डब्यात हात घातला आणि यावेळी मूठभर बुंदी काढली. "घे. ह्यो त्यांचा."

तोंड भरलेलं, डोळे भरलेले, आणि बुंदी शर्टावर सांडलेली. एवढा मोठा माणूस, लहान मुलासारखा दिसत होता. भागीरथी उठून गॅलरीत गेली. तिने मला बोलावलं. खाली रिक्षाला टेकून जितेश उभा होता.

"वर का नाही आला?" मी विचारलं.

"त्याला मीच बोलले, खाली थांब," गोजरबाई म्हणाल्या. "केसचं काय ते पोलिस बघतील. त्यानं मारलंय, तर भोगू दे."

ब्रदर तोंड पुसत म्हणाला, "तक्रारीवर सही माझी आहे, आई. ती मी मागे घेणार नाही. माझ्यामागे किर्ती उभी होती."

"घेऊ नको," बाई म्हणाल्या. "जेवन येगळं, केस येगळी."

जाताना ब्रदर त्यांना रिक्षापर्यंत सोडायला उतरला. वरून दिसत होतं. जितेशने काहीतरी म्हटलं, मान खाली घालूनच. ब्रदरने काहीतरी म्हटलं. हात मिळवले नाहीत. पण रिक्षा वळेपर्यंत ब्रदर तिथेच उभा होता.

संध्याकाळी भागीरथीने त्याच्यासाठी पीठ काढलं होतं. एकदम तिने हाताने मला गप्प केलं. समोरून आवाज आला. टिक, टिक. थोडा थांबला, बहुतेक लायटर वापरात नसल्याने अडला असावा. मग पुन्हा टिक. आणि कुकर.

"तूरडाळ," भागीरथी म्हणाली, आणि पीठ डब्यात परत टाकलं.

पाडव्याच्या सकाळी तो दारात उभा. इस्त्रीचे कपडे, कपाळावर पट्टीऐवजी नुसती खूण. मला वाटलं अंबरनाथच्या दुकानात निघाला. म्हणाला, "काकू, डबा."

"दुकानात डबा कशाला?"

"दुकानवाल्याला नाही म्हणून कळवलं. वॉर्डात चाललोय. तो मनाईचा कागद राजसी मॅडमनी हॉस्पिटलवाल्यांशी बोलून काढायला लावला. एकत्र बसायला मिळेल, फक्त दार लावून बसा म्हणतात." मग म्हणाला, "आज सण आहे, काकू. तरी डब्यात साधी भाकरीच द्या."

भागीरथीने चेपलेल्या डब्यात भाकरी भरली. मग एका छोट्या डबीत श्रीखंड घालून झाकण लावलं आणि ती वेगळी त्याच्या हातात ठेवली. "सगळे नीट राहिले तरच उघड."

दिवसभर तिने त्या डबीचा विषय काढला नाही, आणि मीही नाही. गुढी उतरवायच्या वेळेला तो आला. डबा आणि डबी आमच्या उंबऱ्यावर ठेवली, "येतो" म्हणाला आणि आपल्या रिकाम्या घरात गेला. दार लागलं.

भागीरथीने डब्याला हात लावायच्या आधी ती छोटी डबी उचलली आणि कानाशी हलवून बघितली. मग झाकण उघडून मला दाखवली. बोटाने पुसून खाल्लेली होती.